निर्लेखन नामंजूर

गेवराई असो, माजलगाव असो वा अंबाजोगाई, बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या कोणत्याही गावी महसूल खात्यातून निवृत्त झालेला एखादा तरी असा पेशकार आढळतोच, की ज्याच्या घरात कोणतीही वस्तू आजवर अधिकृतरीत्या निकामी ठरलेली नसते. दांडी मोडलेली छत्री, झाकण हरवलेला थर्मास आणि पुण्यास नोकरीला गेलेल्या मुलाने मागे ठेवलेला पेंटियम फोर संगणक, या तिन्हींच्या निर्लेखनाचा प्रस्ताव कुटुंबाने वेळोवेळी सादर केलेला असतो आणि साहेबांनी तो सबळ कारणाअभावी तितक्याच वेळा फेटाळलेला असतो. मराठवाड्यावरील निजामाचा अंमल १९४८ साली संपला. मुंतखब, फेरफार आणि नकला यांचा साहेबांच्या चित्तावरील अंमल मात्र अबाधित आहे.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल थांबविली, तेव्हा असली यंत्रे बेवारस झाली असे जगाने मानले. साहेबांनी मात्र वारसाचे प्रकरण दाखल करून घेतले आणि लिनक्सच्या प्रत्येक हलक्या वितरणासाठी लाल फितीची स्वतंत्र फाईल उघडली. बॅरी कॉलर यांनी २००३ साली ऑस्ट्रेलियात जन्मास घातलेली पपी लिनक्स सीडीवरून थेट मेमरीत उतरते व हार्ड डिस्कला हातही लावत नाही, हे तिचे शील त्यांस फार भावले. परंतु ती येणाऱ्याजाणाऱ्यास मुळातच ‘रूट’चे सर्वाधिकार बहाल करते हे कळताच, ‘उद्या शिपाईही कलेक्टरची सही ठोकील’ असा शेरा पडून ती फाईल दप्तरी दाखल झाली. टायनी कोअर २५ एमबीच्या आत मावते खरी, पण रुजू होताच टेबल, खुर्ची, दौत सारेच मागून घेणारा उमेदवार त्यांस परवडेना. लुबुंटूने १८.१० नंतर ३२ बिटांच्या यंत्रांस दार लावले, हा तर त्यांनी समस्त ज्येष्ठांचा उपमर्द मानला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीनेही ३२ बिटांचा इन्स्टॉलर वगळल्यावर दोन वेळा चहा नाकारून निषेध नोंदविला.

अखेर बाराव्या डेबियनवर उभ्या असलेल्या अँटीएक्स २३ ची ३२ बिटांची प्रत मंजूर झाली. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोके नातवाच्या खोडरबराने घासण्यात आली; मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल बदलण्यात आला, कारण तो संपल्यामुळे वीज जाताच यंत्र वीस वर्षे मागे जाई आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत चुकीची ठरवून आत जाऊ देईना. पडदा उजळला. मग सातबाऱ्याचे पान उघडावयास घेतले, तोच ५१२ एमबी मेमरी एकट्या ब्राउझरने गिळली व हार्ड डिस्क घरघरू लागली. प्रणाली कितीही सडपातळ निवडली तरी आजची संकेतस्थळे लठ्ठच, या मुद्द्यावर कोणत्याही फाईलीत टिपणी नव्हती.

“आजोबा, सातबारा मोबाइलवर दिसतोय की,” नातू म्हणाला.

“दिसू दे. अर्ज इथं केलाय, नक्कल इथंच मिळंल,” साहेबांनी निक्षून सांगितले, आणि चहाचे दोन पेले रिते झाल्यावर ती मिळालीही.

त्यानंतरचे काही दिवस मात्र मोठे उदासवाणे गेले. संगणक चालत होता, म्हणजेच प्रकरण निकाली निघाले होते, आणि निकाली प्रकरणावर शेरा मारता येत नाही. सुदैवाने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही मुदत सरली व शेजारचा तरुण आपला लॅपटॉप बगलेत घेऊन दारी उभा राहिला. साहेबांच्या मुद्रेवर तेज आले. नवी फीत निघाली, कोऱ्या फाईलीवर ‘तातडीचे’ असे तांबड्या शाईत लिहिले गेले. तरुणास लॅपटॉप संध्याकाळपर्यंत हवा होता. साहेबांनी डायरी चाळून त्यास पुढील महिन्याची तारीख दिली.