देव चालवताना

आठवीत जाणाऱ्या मुलाच्या घरी एक निर्णय घ्यावा लागतो. पूर्ण हिंदी, पूर्ण संस्कृत, की दोन्ही पन्नास-पन्नास मार्कांचं 'संयुक्त'? मुलाचा हिशेब सरळ असतो. संस्कृतला मार्क पडतात. रूपं घोकली, सुभाषितं पाठ केली की गणितासारखी पैकीच्या पैकी मिळायची सोय. आईवडिलांचा हिशेबही तोच, फक्त ते त्याला 'उच्चार शुद्ध होतात' असं म्हणतात. दहावीला शंभरातले नव्व्याण्णव मिळवून मूल अकरावीत जातं, तिथे दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेतं आणि पाणिनीचा कायमचा निरोप घेतं. इतकी ही निरुपद्रवी गोष्ट.

पण ती घराबाहेर पडली की रंग धरते. एका लग्नात बुफेच्या रांगेत ओळखीच्या एका बाईंनी सहज सांगितलं, की लेकीने यंदा पूर्ण संस्कृत घेतलंय. पुढचे काका प्रसन्न झाले. "वा! नवी पिढी आपल्या मुळांकडे चालली म्हणायची," असं म्हणून त्यांनी मुलीच्या ताटलीत स्वतःच्या हाताने जिलबी वाढली. मागे एक प्राध्यापिका मावशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. "तुम्ही असे असाल असं वाटलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. 'असे' म्हणजे कसे, हे त्या बाईंना मठ्ठा संपेपर्यंत कळलं नाही. मुलगी जिलबी खाऊन मोकळी झाली होती. तिने संस्कृत घेतलं होतं, कारण तिची जिवलग मैत्रीण त्या तुकडीत होती.

बाकी विषयांच्या वाट्याला हे येत नाही. युक्लिड बावीसशे वर्षांहून जुना, ग्रीकमध्ये लिहिणारा. पण त्याचा काटकोन त्रिकोण डावा की उजवा, असं कुणी विचारत नाही. भाषा आली, त्यातही जुनी भाषा आली, की विचारतात. अमेरिकेत तर आता सबंध शाळेलाच विचारतात. तिथे 'क्लासिकल' नावाच्या शाळा निघाल्या आहेत. लॅटिन, तर्कशास्त्र, होमर, प्लेटो असा त्यांचा थाट. आपली मराठी मंडळी तिथे मुलांना घालतात ती बहुधा स्पेलिंगच्या स्पर्धेवर डोळा ठेवून, कारण लॅटिनची मुळं कळली की अवघड शब्द सुटतात. शेजारी मात्र यांचं मत कुणाला, याचा अंदाज बांधून टाकतात. तो अगदीच हवेतला असतो असंही नाही. फ्लोरिडात २०२३पासून सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशाला 'क्लासिक लर्निंग टेस्ट' चालते, आणि तो निर्णय रिपब्लिकन पक्षाच्या राजवटीत झाला हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता गंमत अशी, की कार्ल मार्क्सने १८४१ साली डॉक्टरेट मिळवली ती डेमोक्रिटस आणि एपिक्युरस या दोन ग्रीकांवर. आणि १९६८ साली ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्यांविरुद्ध आग ओकणारा इनॉक पॉवेल पंचविसाव्या वर्षी ग्रीकचा प्राध्यापक झालेला होता. दोघांनी क्रियापदं तीच पाठ केलेली.

आपल्याकडे रूपं पाठ करण्याला 'चालवणं' म्हणतात. "देव चालव," असं बाई म्हणायच्या आणि आम्ही उभे राहून देवः देवौ देवाः असा देव चालवायचो. वर्गात एका कट्टर नास्तिक बापाचा मुलगा होता. देव सगळ्यात सफाईने तोच चालवायचा. मग वन चालवायचं, माला चालवायची, नदी चालवायची. त्या द्विवचनाचं मला फार कौतुक वाटे. दोघांसाठी वेगळं रूप, तिसरा आला की बहुवचन. युतीच्या सरकारांसाठीच जणू ते घडवलं होतं, आणि आघाडीत तिसरा पक्ष आला की ते का चालत नाही, याचंही उत्तर त्यात होतं. एवढं सोडलं तर त्या रूपावलीत मला कधी राजकारण सापडलं नाही.

ते सापडतं वर्गाच्या दारात. आणि तिथे ते फार जुनं आहे.

श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटायची तळेगावच्या दाभाड्यांची प्रथा. १७३१मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि ज्यांच्याशी लढताना पडले त्या बाजीरावांनी ती पुढे पुण्यात चालू ठेवली. शत्रूची दक्षिणा पुढे चालवण्यात पुण्य होतं आणि मुत्सद्देगिरीही. पर्वतीच्या पायथ्याला रमण्यात ब्राह्मणांची रीघ लागायची. पेशवाई गेली आणि इंग्रजांपुढे प्रश्न आला, की या मंडळींचं करायचं काय? दक्षिणा एकदम बंद करावी तर शहर बिथरायचं. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत तोडगा निघाला. दक्षिणेच्या पैशातून ऑक्टोबर १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. तिचं रोप वाढत वाढत डेक्कन कॉलेज झालं. म्हणजे पुण्यातलं हे प्राचीन विद्येचं सरकारी शिक्षण जन्मालाच आलं ते शहर शांत ठेवण्यासाठी. विद्येचं प्रेम नव्हतं असं नाही, पण ते खर्चाच्या दुसऱ्या रकान्यात होतं.

बंगालमध्ये त्याच सुमारास उलटा खेळ चालला होता. कलकत्त्यात सरकार संस्कृत कॉलेज काढतंय म्हटल्यावर १८२३ साली गव्हर्नर-जनरलला विरोधाचं पत्र कुणी धाडलं? राममोहन रॉय यांनी. उपनिषदांचे अनुवाद करणाऱ्या माणसाने! सरकारने गणित, रसायन, शरीरशास्त्र शिकवावं, व्याकरणाचे काथ्याकूट आमचे आम्ही करू, असा त्यांचा एकूण सूर. पुढे १८३५मध्ये मेकॉलेने संस्कृत आणि अरबीवरचा खर्च थांबवायचा सल्ला दिला. या भाषा आपल्याला येत नाहीत, हे त्याने त्याच टिपणात कबूल केलं आहे. त्या दिवसांत कलकत्त्यात तो स्वतः काय करत होता? पहाटे उठून ग्रीक आणि लॅटिन वाचत होता, ढिगाने. प्राचीन विद्या माणसाला घडवते यावर त्याची श्रद्धा होतीच. ती फक्त त्याच्या प्राचीनांपुरती होती.

पुण्यात १८४९मध्ये ठिणगी पडली. दक्षिणेचा थोडा भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, असा अर्ज सुधारकांनी केला. त्यात लोकहितवादी पुढे होते. शहर उसळलं. अर्जदारांना मार बसायची वेळ आली तेव्हा जोतीराव फुल्यांनी संरक्षणाला महार-मांग समाजातले धट्टेकट्टे लोक उभे केले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. मला हे दृश्य फार आवडतं. मराठी पुस्तकांना बक्षीस मिळावं म्हणून ब्राह्मण सुधारक अर्ज घेऊन निघालेत आणि त्यांच्या बाजूला उभे आहेत ते लोक, ज्यांना त्या पाठशाळेच्या ओसरीवरही कुणी येऊ दिलं नसतं. अर्ज मान्य झाला. दक्षिणा प्राइज कमिटी आली. मराठी ग्रंथकाराला बक्षिसाचा सरकारी रुपया मिळू लागला तो असा संस्कृतच्या खिशातून.

तेव्हा प्राध्यापिका मावशींचा चेहरा पडतो तो उगीच नाही. या विद्येच्या दाराशी कोण उभं असायचं आणि कुणाला परत पाठवायचं, हे त्यांना ठाऊक आहे. मला अडचण येते ती पुढे. ज्यांना परत पाठवलं ते काय म्हणाले, हे बघायला गेलं की काका आणि मावशी दोघांचीही पंचाईत होते.

अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात शिकत होते. पेशव्यांच्या वाड्यात एक राणी संस्कृत शिकते, हे त्यांनी पाहिलं आणि ठरवलं, आपणही बायकोला शिकवायचं. शिकवलं. गावाने छळलं, पंडितांपुढे शास्त्राधार मांडावे लागले, शेवटी रानात जाऊन राहिले. आई लक्ष्मीबाईंकडून मुलगी शिकली. तीच ही रमाबाई. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पाच वर्षांनी ती इंग्लंडात ख्रिस्ती झाली आणि इकडे गौरव करणाऱ्यांना घाम फुटला. पण तिची प्राचीन भाषांची भूक संपली नव्हती. केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून तिने हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. आधीच्या अनुवादांतलं संस्कृत वळणाचं जड मराठी तिला नको होतं. खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं होतं. १९२२मध्ये ती वारली. तिने पुरं केलेलं ते बायबल १९२४मध्ये छापून निघालं, मिशनमधल्या बायकांच्या हातून. या बाईला बुफेच्या रांगेत नेमकं कुठे उभं करायचं?

भीमराव आंबेडकरांना मुंबईत शाळेत संस्कृत घ्यायचं होतं. शिक्षकाने नकार दिला म्हणून फारसी घ्यावी लागली. मग फारसीच मॅट्रिकला, फारसीच बी.ए.ला. १९४६मध्ये त्यांनी शूद्र मूळचे कोण या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तेव्हा संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही हे त्यांनी प्रस्तावनेत मान्य केलं, आणि एवढ्यावरून मला अपात्र ठरवण्याचं कारण नाही, असंही बजावलं. पुढे तीन वर्षांनी संविधान सभेत राजभाषेचा वाद पेटला. हिंदीवाले एकीकडे, दक्षिणेकडचे दुसरीकडे. सप्टेंबर १९४९मध्ये लक्ष्मीकांत मैत्र यांनी दुरुस्ती आणली, की संघराज्याची भाषा संस्कृत असावी. तिच्या पाठीराख्यांत नझीरुद्दीन अहमद होते आणि कायदामंत्री आंबेडकर होते. दुरुस्ती पडली. का दिला असेल पाठिंबा? कुणाचीच मातृभाषा नाही म्हणून सगळ्यांना सारखीच अवघड, हा विचार असेल. आणखीही काही असेल. मला त्यात थोडी खट्याळ न्यायबुद्धीही दिसते. जी भाषा मला वर्गात बसून शिकू दिली नाहीत, ती आता सगळ्यांनी पहिल्या इयत्तेपासून शिकू या, चला. हा माझा तर्क, इतिहासकारांनी मनावर घेऊ नये.

असाच एक माणूस इटलीत होता. अंतोनियो ग्राम्शी, सार्डिनिया बेटावरचा, गरीब घरचा, पोरवयात कचेरीत वह्यांचे गठ्ठे उचलणारा, शिष्यवृत्तीवर तुरीनच्या विद्यापीठात पोचलेला. १९२३मध्ये मुसोलिनीचा मंत्री जेंतिले याने शिक्षणाची फेररचना केली. ग्रीक-लॅटिनवाली शाळा शिखरावर ठेवली. विद्यापीठाच्या सगळ्या शाखा तिथून पास होणाऱ्यालाच खुल्या, बाकीच्यांना मोजकी दारं. मुसोलिनी खूश. १९२६मध्ये त्याने कम्युनिस्ट ग्राम्शीला तुरुंगात टाकलं. तुरुंगातल्या वह्यांत ग्राम्शीने काय लिहावं? लॅटिन-ग्रीक म्हणजे वेळेचा अपव्यय, असं नाही. त्या मेलेल्या भाषांच्या कोरड्या अभ्यासातून पोराला तासन्‌तास एका जागी बसायची, नेमकेपणाने विचार करायची सवय लागते, ती वरच्यांच्या पोरांना घरातच मिळते, म्हणून कामगाराच्या पोराला ती शाळेने द्यावी, आणि अभ्यास सोपा करून देऊ नये. हे वाचून मला आमच्या बाईंची छडी आठवली. ग्राम्शीला त्या आवडल्या असत्या. त्यांना ग्राम्शी आवडला असता का, हे सांगणं कठीण.

आणि नागपूरच्या कुमुद पावडे. दलित घरातल्या या बाईंनी संस्कृत हट्टाने घेतलं, टोमणे ऐकत त्या ते शिकल्या. त्यांना मनापासून शिकवणारे गोखले गुरुजीही भेटले, हेही त्या सांगतात. एम.ए. झाल्या. सत्कार झाले, भाषणं झाली, वर्तमानपत्रांत कौतुक आलं. नोकरी मात्र मिळेना. संस्कृतवर प्रेम करणाऱ्यांना आपलं संस्कृत या तोंडून ऐकणं जड जात होतं, आणि नोकरीच्या मुलाखतींची तऱ्हा त्यांनी 'अंतःस्फोट' या आपल्या पुस्तकात अशा काही नेमकेपणाने लिहिली आहे, की हसावं की वहीत तोंड खुपसावं हे कळत नाही. पुढे त्यांनी आंतरजातीय लग्न केलं. सोमकुवरांच्या पावडे झाल्या. आणि थोड्याच दिवसांत सरकारी महाविद्यालयात संस्कृतच्या नेमणुकीचं पत्र आलं, नव्या आडनावाने. त्याचं श्रेय त्यांनी त्या आडनावालाच देऊन टाकलं आहे. एम.ए.ची पदवी जुन्या नावाचीच होती, आणि वर्गात शिकवायचा कालिदासही तोच.