डबा हलवा

नेट स्लो झालं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘प्लॅन वाढवून घेऊ.’ शंभरचा दोनशे, दोनशेचा तीनशे. पैसे भरले, मेसेज आला आणि मागच्या खोलीतलं चक्र फिरत होतं ते फिरतच राहिलं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गेल्या महिन्यात ताईकडे गेले होते. दोन बेडरूमचा फ्लॅट, प्लॅन दोनशेचा, भाची बारावीला. तिचं टेबल मागच्या खोलीत. पण ऑनलाइन क्लासची वेळ झाली की ती लॅपटॉप उचलायची, जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत पॅसेजमध्ये आणायची आणि बाथरूमच्या दाराशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायची. का? तर ‘इथे रेंज येते’. घरातला प्रत्येक जण तिचे पाय ओलांडून जायचा. वर्षभर हेच चाललं होतं आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मी विचारलं, राउटरचा डबा कुठे आहे?

हॉलमध्ये, टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात. पुढे काचेचं दार, मागे टीव्हीचा पत्रा, डोक्यावर सेटटॉप बॉक्स, शेजारी दोन पितळी समया. ताई म्हणाली, ‘अगं, कंपनीच्या मुलानेच ठेवलाय तिथे.’ तो मुलगा डबा तिथेच ठेवणार, जिथे त्याला प्लग सापडतो. त्याला दिवसभरात आणखी घरं करायची असतात. आपण त्याला चहा विचारतो. पोरीचं टेबल कुठे आहे, हे मात्र सांगत नाही.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेतही त्यांची ताकद चौथाईवर येते. मधे भिंत आली की आणखी घट. भिंतीत सळ्या असतील तर आणखी. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा त्यांना परतवून लावतात, पाणी त्यांना पिऊन टाकतं. मायक्रोवेव्ह ओव्हन भात गरम करतो तो याच 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींनी, कारण भातातलं पाणी त्या शोषून घेतं. मग माशांच्या टाकीमागे राउटर ठेवून रेंजची अपेक्षा कशी करायची?

कोकणातल्या चिऱ्याच्या घरांचा तर विचारच वेगळा करावा लागतो. जाड जांभ्याची भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल. माजघरात ठेवलेला डबा पडवीत बसलेल्या माणसाला काय देणार? तिथे प्लॅनचा आकडा वाचूच नये, आधी भिंती मोजाव्यात.

आता पट्ट्यांची गोष्ट. बहुतेक डबे दोन पट्ट्यांवर चालतात. 2.4 गिगाहर्ट्झ लांब जातं पण सावकाश चालतं, 5 गिगाहर्ट्झ वेगात धावतं पण भिंतीपाशी दमतं. हॉलमध्ये डब्याशेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट घेतली, तर ती 5च्या पट्टीची. तो आकडा बघून आपण खूश होतो आणि दोन भिंतींपलीकडे बसलेल्या पोरीला म्हणतो, ‘नेट तर छान आहे, तुझाच लॅपटॉप खराब.’

मोजायचं असेल तर तिच्या टेबलावर बसून मोजा.

कंपनीला फोन लावण्याआधीही एक मोजमाप करायला हवं. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडा आणि टेस्ट घ्या. वायरवर पूर्ण वेग आला, तर बाहेरची लाइन ठीक आहे. आडात पाणी आहे, पोहरा गळका आहे. वायरवरही वेग आला नाही, तर जरूर भांडा, हातात पुरावा घेऊन भांडा. फक्त एक खबरदारी घ्या. तीनशेच्या प्लॅनवर आकडा 95च्या आसपास अडून बसला असेल, तर दोष बहुतेक वायरचा किंवा पोर्टचा. त्या वायरीत आठ तारा असतात. शंभरच्या वेगाला चार पुरतात, हजाराच्या वेगाला आठही लागतात. क्रिंप करताना एखादी जरी नीट बसली नाही, तरी तुमचा तीनशेचा प्लॅन कायमचा शंभरचा होतो. बिल मात्र तीनशेचं येतं.

आणि तीनशे हवेत कशाला? नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की पूर्ण एचडीला 5 एमबीपीएस पुरतात आणि 4के चित्राला 15. चौघे जण एकाच वेळी चार पडद्यांवर 4के बघत बसले, तरी शंभरात भागतं. शिवाय हा ‘बी’ बिटचा आहे, बाइटचा नाही. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. विक्रेता हे समजावत बसणार नाही. त्याने का समजवावं?

सोसायटीत राहणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे शेजारी. फोनमध्ये वायफायची यादी उघडा, वीस-पंचवीस नावं दिसतील. वरचे, खालचे, समोरच्या विंगमधले, सगळे एकाच हवेत बोलत असतात. आपल्याकडे 2.4च्या पट्टीत 13 चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे मोजून तीन: 1, 6 आणि 11. कुणीतरी हुशारीने 3 नंबर निवडतो, मधली जागा मोकळी समजून. त्याचा त्रास 1वाल्यालाही होतो आणि 6वाल्यालाही, आणि तो स्वतः दोघांच्या गलक्यात सापडतो. लोकलच्या दारात आडवं उभं राहणाऱ्यासारखं हे आहे.

म्हणून टीव्ही आणि जवळचे फोन 5वर टाका. भारतात 2018 साली 5 गिगाहर्ट्झमधला 605 मेगाहर्ट्झचा भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला. तिथे जागा ऐसपैस आहे आणि भिंतींमुळे शेजाऱ्याचा आवाजही आपल्यापर्यंत कमी येतो. एरवी आडवी येणारी भिंत इथे उपयोगी पडते.

अँटेनांबद्दलही गैरसमज फार. लोक त्यांची टोकं मागच्या खोलीकडे रोखून ठेवतात, जणू टॉर्च मारायचा आहे. लहरी टोकातून निघत नाहीत. त्या अँटेनाच्या चहूबाजूंनी मेदूवड्याच्या आकारात पसरतात आणि अँटेना त्याच्या भोकातून आरपार गेलेली असते. उभी ठेवली की वडा आडवा पडतो, सगळ्या मजल्यावर पसरतो. खोलीकडे टोक रोखलं की त्या खोलीच्या वाट्याला वड्याचं भोक येतं.

मग आठ अँटेनांचा महागडा राउटर घ्यावा का? फार घाई करू नका. वायफाय हे संभाषण आहे. डब्याने कितीही मोठ्याने हाक मारली तरी फोनने ओ दिली पाहिजे, आणि फोनचा आवाज आहे तेवढाच राहतो. म्हणून कधी कधी पडद्यावर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान काही उघडत नाही. रेघा सांगतात डब्याचं म्हणणं. तुमचं म्हणणं तिकडे पोचलं की नाही, ते सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवणूक प्लगमध्ये खोचायच्या बूस्टरने होते. नाव बूस्टर, काम निरोप्याचं. एकाच पट्टीवर चालणारा असेल तर तो एका कानाने ऐकतो, मग तेच पुन्हा बोलतो, आणि तेवढ्या वेळात निम्मा वेग गेलेला असतो. तोही लोक कुठे लावतात? जिथे रेंज नाही, तिथेच! निरोप्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही तर तो काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावा, जिथे मूळ डब्याची रेंज अजून दमदार आहे. मोठ्या घराला मेश, म्हणजे मिळून एकच वायफाय देणारे डबे, चांगलं, पण त्याचे दोन डबे वायरने जोडता आले तरच ते पुरेपूर चालतं.

वायर. हा शब्द ऐकला की लोक नाक मुरडतात. पण जी वस्तू जागची हलत नाही, तिला हवेतून नेट का द्यायचं? टीव्ही भिंतीवर खिळलेला आहे, डेस्कटॉप टेबलावर आहे. त्यांना वायर लावली की हवा तेवढी मोकळी झाली, फोनला वेग मिळाला. साधी कॅट-5ई वायर 100 मीटरपर्यंत गिगाबिट नेते. आपल्या फ्लॅटची लांबी किती?

राग मला येतो तो बिल्डरांचा. एसीचा पाइप प्रत्येक खोलीत, टीव्हीचा पॉइंट बेडरूममध्येसुद्धा, बाथरूममध्ये गीझरचा पॉइंट. पण दारापासून मागच्या खोलीपर्यंत भिंतीतून एक पाव इंची नेटची वायर जाईल असा रिकामा पाइप? तो नाही. भिंत उघडी असताना हे काम मामुली असतं, रंग लागल्यावर तेच तोडफोडीचं होतं. घर बुक करताना टाइल्सचा रंग अर्धा तास बघता, तर हेही विचारा. जुन्या घराचं काम काढलं असेल तर इलेक्ट्रिशियन चर मारत असतानाच सांगा. एकदा प्लास्टर झालं की तो परत येत नाही.

ताईच्या घरात यातलं काहीच करावं लागलं नाही. टीव्ही युनिटच्या मागे फायबरची आठ-दहा मीटर वायर वेटोळं करून ठेवलेली होती, बहुतेक घरांत असते तशी. ती हलक्या हाताने सोडवली. फायबरच्या आत काच असते, वाटीपेक्षा लहान वळण दिलं की प्रकाश बाहेर गळतो. डबा पॅसेजच्या भिंतीवर, डोक्याच्या उंचीवर, दोन खिळ्यांना अडकवला. ताई म्हणाली, ‘येता-जाता डोळ्यांत खुपेल गं.’ मी म्हटलं, पोरीची खुर्ची वर्षभर खुपली नाही का?

ती काही बोलली नाही. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र तिनेच आणून दिला.

भाचीच्या टेबलावर आधी फोन 6 दाखवत होता, आता 70 दाखवू लागला. प्लॅन तोच, डबा तोच. खर्च दोन खिळ्यांचा. संध्याकाळी क्लास सुरू झाला, तशी तिने खुर्ची आत नेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.