सिंक, चोथा आणि वरच्या मामी

"काय हो वहिनी, सकाळपासून कसली ठोकाठोक चाललीय तुमच्याकडे? मला वाटलं, नारळ फोडताय."

"कसला नारळ! सिंक तुंबलंय. रात्रीची भांडी तशीच पडलीत. वरच्या मामींनी सांगितलं म्हणून खायचा सोडा टाकला, वर व्हिनेगर ओतलं. असं फसफसलं म्हणून सांगू!"

"फसफसणारच. पण सोडा नि व्हिनेगर एकमेकांचा जोर काढून घेतात, उरतं ते खारट पाणी. करमणूक होते, चोथा काही जागचा हलत नाही."

"चोथा कसला?"

"फिल्टर कॉफीचा! चेन्नईच्या अण्णा नगरला आल्यापासून चहा सुटलाय तुमचा. फिल्टर रोज सिंकमध्येच झटकता, दिसतं की भिंतीवरून. त्यावर ग्राइंडर धुतलेलं इडलीचं पीठ. पीठ तळाशी बसतं, चोथा त्यात रुततो. आणि मार्गळी महिना लागल्यापासून तुपात न्हालेलं वेण पोंगल! तूप गरम असतं तोवर वाहतं, गार पाण्यात थिजून पाइपला चिकटतं. मामींना ते पाठच, पण त्या सांगतील कशाला?"

"हे म्हणताहेत, कॉस्टिक सोडा आणतो."

"भावोजींना म्हणावं, जरा दमानं. हातमोजे नि चष्मा लागतो, आणि अॅल्युमिनियमचं भांडं तर जवळपासही नको. आधी अॅसिड ओतलं असेल तर त्यावर ब्लीचिंग मुळीच नाही, क्लोरीन सुटतो, घरदार खोकत बसेल. उकळतं पाणीही नको. पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो, सांधे ढिले होतात."

"मग करू काय, आरती?"

"सिंकखालची बाटली खोला! तिला बॉटल ट्रॅप म्हणतात. तिच्यात थोडं पाणी कायम साचलेलं असतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही. खाली बादली ठेवा नि तळाची वाटी हातानंच फिरवा. माझ्याकडे मागे निघाला तो मुठीएवढा काळा गोळा, शेवाळासारखा बुळबुळीत. त्यातून कढीपत्त्याच्या काड्या बाहेर आलेल्या, आणि मधोमध आमचा हरवलेला छोटा चमचा! कामवाल्या अक्कांवर संशय घेत बसले होते मी. वाटी बसवताना रबरी वॉशर नीट बघा, तो वाकडा बसला की रात्रभर टपटप."

"आणि तरी पाणी उतरलं नाही तर?"

"मग रबरी पंप. सिंकमध्ये चार बोटं पाणी साचवा, वरच्या बाजूचं भोक ओल्या फडक्यानं दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. पण आधी मामींना विचारा, त्यांचंही तुंबलंय का. दोघींचं एकदम तुंबलं असेल तर भानगड खाली चेंबरमध्ये."

"सेक्रेटरी म्हणत होते, कुणालातरी रस्त्याच्या मॅनहोलमध्ये उतरवू, शंभर-दोनशे देऊ."

"उतरवू म्हणे! स्वतः उतरा म्हणावं. आतल्या वायूनं माणसं मरतात, वहिनी. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारांचं काम बघणाऱ्या मेट्रोवॉटरला फोन करायला सांगा, त्यांच्याकडे यंत्रं आहेत. आणि तुम्ही आजपासून चोथा कुंडीत टाका, तुपाची भांडी आधी कागदानं पुसा. मामींनाही सांगा. माझं नाव मात्र घेऊ नका."