थंड व कोरड्या जागी ठेवा

अंजूर फाट्यावरून माणकोलीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना गोदामं सुरू होतात, ती दापोडे, वळ, पूर्णा आले तरी संपायचं नाव घेत नाहीत. कपडे, मोबाइल, फ्रीज, शाम्पू, सगळं इथं उतरतं आणि इथूनच मुंबईकडे चढतं. औषध कंपन्यांचे डेपोही याच भिवंडी परिसरात आहेत. तिथल्या खोक्यांवर ठळक अक्षरांत सूचना असते: थंड व कोरड्या जागी ठेवा. ती नुसती छापलेली नसते, पाळावीही लागते. तापमानाची नोंद ठेवावी लागते, औषध निरीक्षक ती तपासू शकतो, आणि लस असेल तर दवाखान्यापर्यंत शीतसाखळी तुटता कामा नये असा दंडक आहे. ते खोकं पाठीवरून उतरवणाऱ्या हमालाच्या अंगावर मात्र अशी कुठलीच सूचना छापलेली नाही. त्यामुळे त्याला कुठेही ठेवता येतं. एप्रिलच्या दुपारी कंटेनरच्या पोटात ठेवा, रात्री आठ-दहा जणांबरोबर पत्र्याच्या खोलीत ठेवा. खराब झालाच, तर मुदतबाह्य औषधासारखा परत पाठवायचीही सोय आहे, गाव उत्तर प्रदेशात नाहीतर बिहारमध्ये असतं.

या पट्ट्यात डॉक्टर कमी आहेत, खाटा कमी आहेत, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण त्याच्याही आधीची टंचाई मजुराच्या नोंदीची आहे, आणि ती मोठ्या निगुतीनं राखलेली टंचाई आहे. गोदामं इथं आली तीच मुळी मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर राहायला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण हद्दीबाहेर राहण्याची चटक काही गेली नाही. आता इमारतीचा नकाशा एमएमआरडीएकडे, घरपट्टी ग्रामपंचायतीकडे, दवाखाना जिल्हा परिषदेकडे आणि मजूर कामगार खात्याकडे. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र, असा निकष आहे. लोकसंख्या धरायची ती २०११ च्या जनगणनेची. त्यानंतर उभं राहिलेलं प्रत्येक गोदाम उपग्रहातून दिसतं, पण त्यात राबायला आलेला माणूस सरकारी तक्त्यात दिसत नाही. याच अंजूरच्या गंगाजी नाइकांनी पोर्तुगीजांच्या जाचाचं गाऱ्हाणं पेशव्यांपर्यंत नेलं आणि १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम उभी राहिली. त्यांना निदान दरबार कुठला ते ठाऊक होतं. आजच्या हमालानं कंबरेचं दुखणं घेऊन या चार कार्यालयांची पायरी चढावी, तर प्रत्येक जण उरलेल्या तिघांकडे बोट दाखवील.

यावर लगेच सांगितलं जाईल की उपचार तर फुकट आहेत. आहेतच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांना पैसे पडत नाहीत, आणि भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे. फुकट नसतो तो दिवस. केसपेपरची रांग सकाळी लागते, बारा तासांची पाळीही सकाळीच लागते, आणि दोन्हीकडे एकाच वेळी उभं राहायची विद्या अजून कुठल्या योजनेत शिकवत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, पण तिथं महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा अधिवास लागतो. परप्रांतीयाला आयुष्मान भारत आहे, पण यादीत नाव गावाकडे असावं लागतं. दोन्ही योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर. म्हणजे खोकला, ताप, चढलेला रक्तदाब यांना सरकार म्हणतं, जरा वाढून या. माणूस बिचारा वाट बघत नाही. रात्री पाळी सुटल्यावर जो दवाखाना उघडा असतो तिथं एक सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या घेतो. गोळ्या बहुधा याच रस्त्यावरून गेलेल्या असतात.

कायदे नाहीत म्हणावं, तर तशीही सोय नाही. डोक्या-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रानं १९६९ सालीच माथाडी कायदा केला. नोंदीत हमाल, माथाडी मंडळाकडे जमा होणारी लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी, आणि कोपरखैरण्याला माथाडींचं स्वतःचं रुग्णालय. नोंद झाली की काय होतं, याचा याहून चांगला पुरावा कुठला हवा? दुसरी तरतूद कर्मचारी राज्य विम्याची, १९४८ च्या कायद्यानं सुरू झालेली. दहा माणसं आणि एकवीस हजारांपर्यंत पगार, एवढं जमलं की मालकानं सव्वातीन टक्के भरायचे, कामगारानं पाऊण टक्का, आणि बाह्यरुग्ण उपचारापासून आजारपणातल्या भरपाईपर्यंत सारं मिळतं. अडचण एकच, दहा. कायद्यात दहा लिहिलं की ठेकेदाराकडे माणसं नऊ भरतात. दहावा माणूस मेव्हण्याच्या फर्ममध्ये असतो. भिवंडीतल्या यंत्रमागांचंही तेच. एका छपराखालचे माग कागदावर तिघा भावांचे होतात. त्यातच २०१५ साली राज्यानं विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस कामगारांवर नेली. कापसाच्या धुळीनं होणारा बायसिनोसिस आणि आवाजानं येणारा बहिरेपणा हे दोन्ही कायद्याच्या अनुसूचीतले रोग आहेत. असा रोगी दिसला तर डॉक्टरनं कळवायला हवं. विणकामात कापसाची धूळ पिंजणीइतकी नसते, हे मान्य. पण मागांच्या खडखडाटाचं काय? आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा आहे, आणि माग चालू असलेल्या खोलीत दोन माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. मात्र कारखानाच कायद्यानं कारखाना नसेल, तर बहिरेपणा हा कामगाराचा घरगुती प्रश्न ठरतो.

फिरती माणसं, आज इथं उद्या तिथं, यांची नोंद ठेवायची कशी, असा एक व्यवहारी प्रश्न विचारला जातो. उत्तर क्षयरोगानं देऊन ठेवलंय. २०१२ पासून क्षयरुग्ण कळवणं खाजगी डॉक्टरलाही सक्तीचं आहे, निक्षय पोर्टलवर प्रत्येकाला क्रमांक मिळतो, आणि रुग्ण सहा महिन्यांच्या उपचारात भिवंडीहून गावी गेला तर नोंदही तिकडे पाठवता येते. त्यात गळती आहे. मे महिन्यात गाडी पकडलेला रोगी पुष्कळदा हातचा सुटतो. तरी रोग दुसऱ्याला लागण्याची भीती वाटली तेव्हा सरकारला फिरता माणूस सापडला, एवढं सिद्ध होतंच. मोडलेली कंबर कुणाला लागत नाही, हाच तिचा दोष. आणि गोदामाच्या दाराशी अंगठ्याचं यंत्र असतं त्याचं काय? दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापायला ते माणूस अचूक ओळखतं. विम्याचा हप्ता भरायची वेळ आली की त्याच यंत्राला मोतीबिंदू होतो.

बाहेरच्यांचा खर्च आपण का करायचा, हा आक्षेप दबक्या आवाजात असतो, पण असतो. तेच बाहेरचे दोन दिवस आले नाहीत तर मुंबईच्या दुकानांतले औषधांचे कप्पे रिकामे पडतील, तेव्हा खर्च कुणाचा कोण करतंय याचा हिशेब जरा उलटा मांडावा लागेल. नफा कमी, स्पर्धा फार, हे मालकांचं म्हणणं छोट्या यंत्रमागवाल्याच्या बाबतीत खरं आहे. त्याचा वाटा काही वर्षं सरकारनं उचलावा. माथाडीच्या नावाखाली चालणाऱ्या खंडणीची तक्रारही खोटी नाही. तिच्यासाठी पोलीस आहेत. बड्या गोदामांसाठी मात्र एकच अट पुरे: दारावरच्या हजेरीची यादी दरमहा थेट विमा महामंडळाकडे आणि माथाडी मंडळाकडे जावी, ठेकेदार कितीही असोत, आकडा छपराखालच्या माणसांचा धरावा, आणि त्यावरच परवान्याचं नूतनीकरण व्हावं. तोवर औषध निरीक्षकांना एक विनंती. तापमापक घेऊन आलाच आहात, तर खोक्याचं माप झाल्यावर तो खोकं धरून उभ्या असलेल्या माणसालाही लावून पाहा. तुमच्या अधिकारात बसत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. कुणाच्याच बसत नाही.