रविवारी मशीन बंद

स्टुटगार्ट,
रविवार, दुपार

ती. आईस शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहोत. रोज व्हिडिओवर तोंडं दिसत असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. पण आज रविवार, आणि रविवारी इथे शिलाई मशीन चालवायची सोय नाही. हाताचं काम होतं, तेही एका कारणाने अडलं आहे. कारण पुढे येईलच.

मशीन कुणाचं, असं विचारशील. माझं. थोडं पाणी पी आणि मग पुढे वाच.

सुईत दोरा ओवायला हाक मारलीस की जो संडासात कडी लावून बसायचा, तोच हा तुझा धाकटा. तुझ्या उषाच्या पायट्यावर बसून मी एसटी चालवायचो, तेवढाच माझा शिवणकामाशी संबंध. आता कबुली देतो. मागच्या महिन्यात तुझ्या सुनेने फोनवर 'सहज' विचारलं होतं ना, की कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा काय करायचं? आणि तू म्हणालीस, गुंता खाली दिसला तरी खोड वरच्या दोऱ्याची असते, मशीनचा पाय उचलून पुन्हा ओव. ते मी शेजारी उभा राहून लिहून घेत होतो.

सगळं सुरू झालं एका पँटपायी. इथल्या पँटी बेतणाऱ्याच्या डोळ्यासमोर सहा फुटी माणूस असतो. माझ्या पायात त्या घातल्या की घोट्यापाशी कापडाचा ढीग साठतो. सेलमध्ये वीस युरोला पँट घेतली, तर ती आखूड करायचे पंधरा युरो सांगितले. नुसती खालची दुमड! मी हिशेब मांडला, दुमड केली नाही, आणि दोन आठवडे पँट स्टेपल करून ऑफिसला गेलो. मग एका बैठकीत पिन सुटून पोटरीत घुसली.

पुढच्या शनिवारी जुन्या बाजारातून चाळीस युरोला एक मशीन उचललं. उचललं म्हणजे खरोखरच उचललं. अंगाने सगळं लोखंड, आणि ट्रामचा थांबा लांब. मशीन फाफ कंपनीचं आहे. या कंपनीचा मूळ पुरुष गेऑर्ग मिशाएल फाफ हा पितळी वाजंत्री घडवणारा कारागीर. कायझर्सलाउटर्न गावात १८६२ साली त्याने पहिलं शिलाई मशीन बनवलं, तेही चामडं शिवायला. आमचं मशीन सुरू केलं की त्याचा आधीचा धंदा काय होता ते सांगावं लागत नाही.

तर अशा वाजंत्रीसह मी एका रविवारी सकाळी पँटीला टीप घालायला बसलो. पाचव्या मिनिटाला दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. हातात इमारतीच्या नियमांचा कागद, त्यावर खूण केलेली ओळ. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार अख्खा. मी माफी मागितली. आजींनी आत डोकावून पाहिलं, म्हणाल्या, "फाफ आहे होय?" आणि गेल्या. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा बेल. या वेळी हातात पडदा होता, चार बोटं आखूड करायचा. पडदा दिल्यापासून आमच्या मशीनचा आवाज त्यांना आठवड्याचे सहा दिवस ऐकू येत नाही.

पँट जमली म्हणून मी चढलो आणि तुझ्या नातीसाठी फ्रॉक बेतायला घेतला. इथे 'बुर्डा' नावाचं मासिक मिळतं, त्यात कपड्यांचे बेत छापलेले असतात. त्यामागची गोष्ट तुला आवडेल. एने बुर्डा म्हणून एक बाई होत्या, आमच्याच राज्यातल्या ऑफनबुर्ग गावच्या. नवरा बडा प्रकाशक. त्याने आपल्या मैत्रिणीला गुपचूप फॅशनच्या मासिकांचा धंदा काढून दिला होता. बाईंना ते कळलं. दुसरी एखादी माहेरी गेली असती. बाईंनी तो धंदाच स्वतःच्या ताब्यात घेतला, आणि १९५० च्या जानेवारीत आपलं मासिक बाजारात आणलं. पहिलाच अंक लाखभर. १९५२ पासून त्यात बेताचे कागद यायला लागले. युद्धानंतर तयार कपडे परवडत नव्हते, तेव्हा घराघरांत बायका त्या कागदांवरून शिवायच्या. १९८७ साली तर हे मासिक रशियन भाषेत थेट मॉस्कोत पोचलं.

पण बेताचा कागद म्हणजे काय प्रकरण आहे! टेबलाएवढ्या एकाच कागदावर डझनभर कपडे एकमेकांवर छापलेले. लाल रेघ स्कर्टची, हिरवी कोटाची, निळी कुणाच्या तरी पायजम्याची. आपली रेघ शोधायची, वर पातळ कागद ठेवून गिरवायची आणि मग कापायचं. मी स्वयंपाकघरातला बटर पेपर वापरला. (नानकटाई करायच्या दिवशी घरात काय झालं, ते तुझी सून सांगेल.) मुलांच्या कपड्यांची मापं इथे उंचीवर असतात. आपली ठमी एकशे बावीस सेंटिमीटर, म्हणून १२२ ची रेघ धरली. रेघेवरून केसभरही न हलता कापलं, शिवलं, इस्त्री केली. आणि फ्रॉक तिच्या खांद्याखाली उतरेना. ओढला, तेव्हा काखेत उसवला.

मग मी सूचना वाचल्या. आई, त्या कागदात माया धरलेलीच नसते! शिवणीला दीड सेंटिमीटर आणि खालच्या दुमडीला चार, हे ज्याचं त्याने धरायचं. जर्मनमध्ये मायेला शब्द आहे 'नाटझुगाबे', म्हणजे शिवणीची भर. शब्द कसा, तर सरकारी अधिभारासारखा. तुझ्या हातून कधी दोन बोटं माया सोडल्याशिवाय कात्री चालली आहे का? माझी शाळेची खाकी चड्डी तू तीन वर्षं सोडत नेलीस. सोडलेल्या भागाचा रंग वेगळा दिसायचा, म्हणून पोरं मला 'दुरंगी' म्हणायची. तेव्हा मी तुझ्यावर रुसायचो. त्या फ्रॉकची आता बाहुलीसाठी झोपडी झाली आहे.

पायजमे मात्र झकास जमतात. नेफा शिवताना नाडीला जागा ठेवायची एकदा विसरलो, एकदाच. पिशव्यांचं तर विचारूच नकोस. इथे २०२२ पासून दुकानांत प्लास्टिकच्या हातपिशव्या बंद आहेत, त्यामुळे बाबांच्या जुन्या पँटीच्या तू शिवायचीस तशा पिशव्या मी ऑफिसभर वाटल्या. एकीला मागचा खिसा तसाच ठेवला होता. तीच सगळ्यांना हवी होती.

आता खरी अडचण. माझ्या मशीनला झिगझॅग आहे, म्हणजे पिको होतो, ही बातमी तुझ्या सुनेच्या तोंडून फुटली. इथे साडीला फॉल-पिको करून देणारं कुणी नाही. दर दिवाळीला पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेत निम्म्या साड्या आणि निम्मे ब्लाऊज असतात. आता त्या सगळ्या आमच्याकडे येतात. जर्मन बोलताना माझी ततपप होते ती होतेच, पण मराठी मंडळींत मी 'फॉल-पिकोवाले काका' झालो आहे. मजुरी म्हणून चकल्या मिळतात. पहिल्या साडीला फॉल न भिजवताच लावला. धुतल्यावर तो आटला आणि काठ भजीसारखा फुगला. त्या घरून चकल्या आल्या नाहीत.

तेव्हा येणाऱ्या कुणाहीबरोबर सुती फॉल पाठव. मोरपंखी दोन, डाळिंबी दोन, राणी कलर एक, आणि त्याच रंगांची रिळं. तुझा मापाचा ब्लाऊजही पाठव. शिवणार नाही, घाबरू नकोस. नुसता उसवून मुंढा कसा बसवतेस ते बघेन. तुझ्या सुनेने स्वतःचा द्यायला साफ नकार दिला आहे.

फॉल हाताने लावायचा असतो, त्याला आवाज नाही, म्हणून ते काम मी रविवारी करतो. आत्ताही मांडीवर कुणाचीतरी पैठणी आहे. पण चाळिशी लागल्यापासून सुईचं भोक दिसत नाही, म्हणून ठमीला हाक मारली, जरा दोरा ओवून दे म्हटलं.

ती बाथरूममध्ये आहे. अर्धा तास झाला, कडी आतून आहे.

बाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा