अर्धवट गोधडी तडीस नेण्याची शास्त्रोक्त पद्धती

अर्धवट गोधडी महाराष्ट्रात प्रामुख्याने तीन ठिकाणी आढळते : पोटमाळ्यावर, दिवाणाच्या पोटात आणि 'ती आईकडे राहिली असेल' या वाक्यात. पहिल्या दोन ठिकाणांहून ती बाहेर काढता येते. तिसऱ्यासाठी आईला फोन करावा लागतो आणि गोधडी सोडून बाकीचे सगळे ऐकून घ्यावे लागते. एवढी पूर्वतयारी झाली, की पुढील टप्पे क्रमाने पार पाडावेत.

टप्पा पहिला : पंचनामा

बोचके उन्हात सोडावे. डांबराच्या गोळ्यांचा वास, घड्यांवर कसरीने पाडलेली भोके आणि कुठेतरी अडकलेली सुई, हा ऐवज सापडेल असे गृहीत धरावे. सुई चारदोन पावसाळे कापडातच राहिली असेल तर ती गंजून धाग्यांना चिकटते. ती ओढू नये. दोरा कापावा, सुई हलक्या हाताने फिरवून मोकळी करावी आणि तांबूस डागावर लिंबूमीठ चोळून कापड उन्हात ठेवावे.

सुई सापडली तो टाका म्हणजे काम थांबल्याचे ठिकाण. त्या दुपारी दाराची बेल वाजली होती की दूध उतू गेले होते, याचा तपास करू नये. आरोपी एकच निघतो.

टप्पा दुसरा : चिंध्यांची छाननी

गोधडीला वापरून मऊ झालेले सुती कापड लागते : पातळ, लुगडे, धोतर, पंचा. वारंवार धुतल्याने ते आटायचे तेवढे आटलेले असते आणि सुईला अडवत नाही. कोरे कापड तसेच जोडले तर पहिल्या धुण्यात तेवढाच तुकडा आक्रसतो आणि भोवती सुरकुत्या पडतात; म्हणून ते आधी धुऊन घ्यावे. नायलॉन निसटते आणि घाम टिपत नाही. जीन्सच्या जाड शिवणीवर सुई मोडते. जर अंगाला टोचते. लाल आणि जांभळ्या तुकड्यांवर ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. रुमाल रंगला तर तो तुकडा बाद, मग तो कोणाच्याही शालूचा असो.

हा टप्पा सर्वांत धोक्याचा आहे. प्रत्येक तुकड्याला एक नातेवाईक असतो आणि प्रत्येक नातेवाइकाची एक हकीकत. अनुभवी बायका आठवणींना दर चिंधीमागे एक मिनिट देतात. मावशीच्या डोहाळजेवणाच्या साडीला दोन मिनिटांची खास सवलत असते, पण ती मावशीसमोर जाहीर करू नये.

याच टप्प्यावर 'रंगच जुळत नाहीत' ही सबब उभी राहते. ती फेटाळण्यास दोन दाखले पुरेत. गाडगेबाबा (1876–1956) चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेऊन गावोगाव हिंडले. रंगसंगतीपायी त्यांचे एकही कीर्तन अडले नाही. आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांतून, हाताला येईल तो तुकडा जोडत गोधड्या शिवल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या. पोटमाळ्यावरची गोधडी एवढी लांब जाणार नाही; पण तिला अडवणारे कारण रंग नव्हे, एवढे यावरून सिद्ध होते.

टप्पा तिसरा : हिशेब

कागद-पेन्सिल घ्यावी. नऊवारी म्हणजे 27 फूट. तिच्या चार घड्या घातल्या की 81 इंच लांबीचा चौपदरी थर तयार होतो. पन्हा 45 इंच धरावा. इंचाइंचावर लांबीच्या दिशेने धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर 45 ओळी होतात, म्हणजे सुमारे 93 मीटर शिवण. इंचाला तीन टाके धरले तर एकूण जेमतेम 11 हजार टाके. एका ओळीला अर्धा तास लागला, तर सारी गोधडी साडेबावीस तासांची. रोज रात्री मालिकेच्या वेळेतला एक तास दिला तर तीन आठवडे आणि वर दोन रात्री.

हा आकडा घरात मोठ्याने वाचू नये. 'फार किचकट काम असतं हो ते' या वाक्यावर कित्येक वर्षे जपलेली प्रतिष्ठा त्यात बुडते.

टप्पा चौथा : प्रत्यक्ष टाके

फरशी झाडून थर अंथरावेत, सगळे पदर ताणून चार कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. पूर्वी हे काम पाटा-वरवंट्याकडे असे; आता घरोघरी न वापरलेले डंबेल्स असतात, त्यांना अखेर काम मिळते. थर सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालावेत. दोरा हातभरच घ्यावा, मेणावरून ओढावा आणि गाठ थरांच्या आत लपवावी. सारखे सारखे ओवायला नको म्हणून लांबलचक दोरा घेणाऱ्यांचा वाचलेला वेळ गुंता सोडवण्यात व्याजासकट जातो.

हिशेब सरळ ओळींचा असला, तरी गोधडी कडेने फेऱ्या घालत मध्याकडेही नेता येते. मात्र मग सगळी ढिलाई आत ढकलली जाते आणि मधोमध फुगा येतो. प्रत्येक फेरीनंतर तळहाताने कापड सारखे केले की तो टळतो. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका 'कवंदी' अशीच कडेकडून शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, त्यातले बरेच गोव्यातल्या पोर्तुगीजांकडे गुलाम होते. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. काम कुठे संपले हे ठरवणारी अशी खूण आधीच नेमावी, नाहीतर 'अजून एक ओळ हवी' म्हणत गोधडी पुन्हा दिवाणात जाते.

टप्पा पाचवा : मनुष्यबळ आणि मुदत

उन्हाळ्यात, शेतीची कामे सरली की दुपारी तीन-चार जणी एकाच गोधडीभोवती बसत. काम उरके ते वेगामुळे नव्हे. आधी उठणारीबद्दल मागे काय बोलले जाईल, हे प्रत्येकीला ठाऊक असे. एकटीने शिवणाऱ्या बाईला ही सोय नाही. तिने निदान एक शेजारीण आणि चहाची किटली जवळ ठेवावी.

मुदत म्हणून घरातले बाळंतपण उत्तम. तारखेवर डॉक्टरची सही असते. वेळ अगदीच थोडा असेल तर तीन फूट चौरस कापून दुपटे करण्याची कायदेशीर पळवाट आहे. काम जवळजवळ एक तृतीयांशावर येते आणि बाळ तक्रार करत नाही.

'झाली का तुझी गोधडी?' असे दर दिवाळीला हसत विचारणारा एक चौकशी अधिकारी प्रत्येक घरात असतो, बहुधा दीर किंवा नवरा. त्याला सुई ओवायला बसवावे. शेवटचा टाका पडल्यावर त्याची बदली धुलाई खात्यात करावी. घटस्थापनेआधी घरोघर अंथरुणे-पांघरुणे निघतात, त्यातच नवी गोधडी भिजवावी. चौपदरी सूत पाणी पिऊन इतके जड होते, की एकट्याने पिळणे अशक्य. एक टोक त्याच्या हाती द्यावे, घट्ट धरायला सांगावे आणि आपल्या बाजूने दोन पीळ जास्तच द्यावेत.