सर्किटभाऊ

जळगावच्या गोलाणी मार्केटच्या आसपास एखाद्या काउंटरवर कोपर टेकून, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर खोचून, ‘चार पॉइंट सात के चे दोन रेझिस्टर द्या’ म्हणणारा इसम दिसला की तो सर्किटभाऊ समजावा. बिल होतं दोन रुपये, गप्पा होतात पाऊण तास. दुकानदार पैसे घेत नाही. भाऊंना तो स्नेह वाटतो.

भाऊ पतसंस्थेत नोकरीला, केळीबाग यावलकडे. तिथे आबा ठिबक सांभाळतात, त्यांची कसली तक्रार नाही. पण पहाटे चारला मोटर आपोआप चालू व्हावी असं भाऊंच्या मनाने घेतलं. तयार टायमर बाजारात मिळतो, हे त्यांना सांगायचं नाही. भरीत मिक्सरमधून काढते म्हणणाऱ्या सुनेकडे खान्देशी सासू जशी बघते, तसे ते बघतात.

मग आर्डुइनो आला, रिले आला आणि डीएस-१३०७ ही घड्याळाची चिप आली. पहिल्याच रात्री पडद्यावर उमटलं: साल २१६५, महिना १६५, तारीख १६५.

‘‘किती वाजले?’’ वहिनींनी आतून विचारलं.

‘‘एकशे पासष्ट.’’

याचा अर्थ चिप उत्तरच देत नाही. तारेवर कोणी बोललं नाही की सगळे बिट एक वाचले जातात. घड्याळाच्या हिशेबात ते पंधरा दशक आणि पंधरा एकक, म्हणजे १६५. भाऊंनी हे वहिनींना आनंदाने समजावलं, तोवर शेवभाजीवर साय धरली. दोन तारा उलट्या लागल्या होत्या. त्या बदलल्या, तर घड्याळ शून्य सेकंदावर थिजलेलं. कोरी १३०७ बंदच असते. सेकंदाच्या खान्यातला एक बिट खाली आणला, म्हणजेच तिच्यात वेळ भरली, की मग ती चालते. लॅपटॉपवरून वेळ भरली, घड्याळ चाललं, भाऊ झोपले.

सकाळी लाइट गेली. आली तेव्हा घड्याळात रविवार रात्रीचे पावणेबारा. दुपारी गेली, आली; पुन्हा रविवार, पावणेबारा. चार दिवसांत गल्लीत गुरुवारपर्यंत मजल गेली, भाऊंच्या घरी रविवार संपेना. शेजारच्या आजी रोज खिडकीतून विचारत, ‘‘भाऊ, तुनं घड्याय आज काय सांगी राह्यनं?’’

भाऊंनी आधी बटणसेलवर संशय घेतला. सेल नवा निघाला, म्हणून क्रिस्टलवर घेतला. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक ठोका. पण हे सगळं २५ अंशांना. त्याहून पारा जितका दूर, त्या अंतराच्या वर्गाने क्रिस्टल मंदावतो. मे महिना, बाहेर ४५. भाऊंनी कागदावर गणित मांडलं: दिवसाकाठी जेमतेम सव्वा सेकंद. घड्याळ मागे होतं चार दिवस. उरलेला फरक त्यांनी भुसावळच्या उन्हावर टाकला.

धुळ्याला, देवपुरात, त्यांचे साडू राहतात. तेही याच पंथातले. फोनवर म्हणाले, ‘‘अहो, ३२३१ चिप घ्या ना. क्रिस्टल आतच आहे, ताप मोजून स्वतःला सावरतो.’’

‘‘साडूभाऊ, तुमचं ते मॉड्यूल साध्या सेललाही चार्ज करायला बघतं. फुगेल एखाद्या दिवशी.’’

‘‘फुगेल, पण वेळेवर फुगेल.’’

यानंतर दोन दिवस बोलणं बंद. बायका बोलत होत्या.

शेवटी वहिनीच म्हणाल्या, ‘‘रविवारी पावणेबाराला तर तुम्ही लॅपटॉपवरून ते भरलं होतं. मी ताट झाकून बसले होते, म्हणून लक्षात आहे.’’ भाऊंनी प्रोग्राम उघडला. सुरुवातीलाच ओळ होती: चालू होताच, प्रोग्राम तयार झाला ती वेळ घड्याळात भर. लाइट आली की बिचारी चिप सेलवर जपलेली खरी वेळ टाकून आज्ञाधारकपणे रविवार धरत होती. ओळ काढून प्रोग्राम पुन्हा भरला. घड्याळ ठीक झालं.

आणि भाऊ पडले. चेहरा उतरला, जेवण तुटलं. पतसंस्थेत वेळेवर जायला लागले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनीच तब्येत विचारली. बरोबर चाललेल्या घड्याळाकडे माणूस बघणार तरी किती?

त्याच आठवड्यात डबा शेतात बसवला. पहाटे चारला रिले टक् वाजला, मोटर गप्प. आबा खाटेवरून उठलेही नाहीत. ‘‘या आठवड्यात थ्री-फेज रात्रीची आहे रे. दहाला आली, मी बटण दाबलं, बाग भिजली, चारच्या आत ती गेलीही. तुझ्या डब्याला कोणी सांगितलं नाही का?’’

भाऊंच्या तोंडावर पुन्हा तेज आलं. ‘‘म्हणजे फेज ओळखणारं सर्किट लागेल!’’ म्हणत त्यांनी अंधारातच देवपूरला फोन लावला. तिकडे साडू जागेच होते.